तालुक्याच्या संग्रहालयात तिसरी-चौथीची मुलं : दीड तासात नेमकं काय करायचं?

माळवद
तालुक्याच्या गावातलं छोटं संग्रहालय आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे फरसबंद अंगण. आत शिवराया (शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी), मोडी कागद, धान्याची मापं, जातं, खापरं, दिवे आणि दोन तलवारी. अंगणात तीन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड). जिल्हा परिषदेच्या शाळांमधून तिसरी-चौथीची मुलं येतात, एका वेळी ३५ ते ४०. रांगेत आत जातात, रांगेतच बाहेर येतात, पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. मुलांच्या लक्षात राहतात फक्त तलवारी.

आता दर आठवड्याला एका शाळेला पूर्ण दीड तास द्यायचं ठरलं आहे. माणसं तीन : एक कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक. पैसे बेताचेच. अडचणी अशा :
- खऱ्या वस्तू मुलांच्या हातात द्याव्यात का?
- "सातवाहन काळ", "सतरावं शतक" हे आठ वर्षांच्या मुलाला कसं कळावं?
- प्रश्नावली छापून द्यावी की नको?

ज्यांनी असे उपक्रम चालवले आहेत त्यांनी तपशिलात लिहावं, ही विनंती.

दौतबोरू
पहिली गोष्ट, सगळं संग्रहालय दाखवायचा हट्ट सोडा. चाळीस मुलांना तीन वस्तूंपुढे बसवा, बाकीचं त्यांना आईबाबांबरोबर रविवारी पाहू दे.

वेळ अशी बसते : सुरुवातीला १० मिनिटं सगळे एकत्र ओसरीवर, मग तीन गट करून तीन ठिकाणी प्रत्येकी २० मिनिटं, शेवटी १० मिनिटं पुन्हा एकत्र. उरलेली १० मिनिटं गट हलवण्यात जातात. ती आधीच धरली नाहीत तर शेवटच्या ठिकाणाला निम्माच वेळ मिळतो.

घोळ होतो तो दारात. तिन्ही गट एकदम उठले की अरुंद चौकटीत आत जाणारे आणि बाहेर येणारे अडकतात. म्हणून फिरण्याची दिशा एकच ठेवा आणि अंगणातल्या गटाने आधी उठायचं, असं ठरवून टाका. हाका मारण्यापेक्षा एक पितळी घंटा ठेवा. गट शाळेतच पाडून यायला सांगा, नाहीतर पहिली दहा मिनिटं "मला तिच्याच गटात जायचंय" यात संपतात.

गोदाकाठ
काळासाठी दोरी. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर, एवढा एकच नियम.

सुतळीचा गुंडा घ्या. एक टोक ओसरीच्या खांबाला बांधायचं, ते म्हणजे आज. नऊ वर्षांचं मूल नऊ सेंटिमीटरवर येतं, म्हणजे स्वतःच्या वितीपेक्षाही कमी. पासष्ट वर्षांची आजी ६५ सेंटिमीटरवर. १९४७ पाऊण मीटरच्या जरा पुढे. १६७४ सालचा राज्याभिषेक साडेतीन मीटरवर, बहुतेक ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. सातवाहनांसाठी दोरी २० मीटरपर्यंत न्यावी लागते, म्हणजे पायऱ्या उतरून अंगणात. पुणे जिल्ह्यात इनामगावला उत्खननात सापडलेली सर्वांत जुनी वस्ती साधारण ३६ मीटरवर जाते, तिथे बहुधा फाटकच लागतं.

प्रत्येक ठिकाणी रंगीत चिंधी बांधा आणि तिथे एक मूल उभं करा. फाटकाजवळच्या मुलाला आजीच्या जागी उभी असलेली मैत्रीण किती लांब दिसते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. "फार फार वर्षांपूर्वी" म्हणायची गरजच उरत नाही. दोरी नायलॉनची नको, ती ताणते आणि चिंध्या सरकतात.

पाणवठा
गोदाकाठ, दोरी छान आहे, पण तिसरीच्या मुलांना सेंटिमीटरपेक्षा माणसं जवळची. त्यांच्यासाठी पिढ्या मोजा. २५ वर्षांची एक पिढी, एका पिढीला एक गाठ. आई, आजी, पणजी, खापरपणजी... चौदाव्या गाठीला शिवकाल येतो. "चौदा आयांच्या मागे" हे मूल घरी जाऊन सांगतं. सेंटिमीटर चौथीपासून.

गोदाकाठ
मान्य. मग गाठी त्याच दोरीवर दर २५ सेंटिमीटरला मारा, दोन्ही कामं होतील. फक्त एका गाठीत दोनेक सेंटिमीटर दोरी खपते, म्हणून गाठी आधी मारायच्या आणि मोजमाप नंतर. उलट केलं तर सगळ्या खुणा चुकतात.

कोळवे
तुमच्याकडे धान्याची मापं आहेत हे फार मोठं भाग्य. कपाटात ती ओळीने मांडलेली पितळी भांडी दिसतात. धान्य ओतलं की मगच ती मापं होतात.

हिशेब दुपटीचा आहे :
२ कोळवी = १ चिपटं
२ चिपटी = १ मापटं
२ मापटी = १ शेर
२ शेर = १ अधोली
२ अधोल्या = १ पायली

मुलांना हे सांगायचं नाही. सगळ्यात लहान माप हातात द्यायचं आणि "याच्या पुढच्यात किती मावतात?" एवढंच विचारायचं. तिसऱ्या मापापर्यंत कुणीतरी ओरडतंच, "सगळीकडे दोनच!" मग अंदाज लावायला सांगा, पायलीत चिपटी किती? उत्तर सोळा. अंदाज फळ्यावर लिहा आणि मग मोजा.

इथेच नेहमी चूक होते, आणि ती होऊ द्यावी. मुलं चिपटं शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग करून भरतात. शिगेने मोजलं की सोळा व्हायच्या आतच पायली भरते आणि ज्वारी सांडायला लागते. लहान मापावरची शीग त्या मापाच्या मानाने मोठी असते, म्हणून प्रत्येक खेपेला थोडं जास्तीचं पडत जातं. मग लाकडी पट्टी द्या, काठाबरोबर सपाट करायला लावा आणि पुन्हा मोजा. आता बरोबर सोळा. "बाजारात शिगेनं घ्यायचं आणि सपाट मापानं द्यायचं असं कुणी केलं तर?" हा प्रश्न विचारला की मुलं पेटून बोलतात, कारण अन्याय त्यांना चटकन कळतो.

मोजताना पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायची पद्धतही सांगा. लाभ, दोन, तीन, चार... एकदा ऐकलं की मुलं शाळेत परत जाईपर्यंत तसंच मोजतात.

एक सावधगिरी. शेर गावोगाव वेगळा असायचा. त्यामुळे लिटरशी जुळवायला जाऊ नका, आकडे जुळत नाहीत आणि बाई गोंधळतात. एकाच संचातली मापं वापरा.

तिठा
"लाभ, दोन, तीन" वाचून अंगावर काटा आला. खळ्यावरचा आवाज कानात आला. धन्यवाद, कोळवे.

शेवंता
खऱ्या वस्तू हातात द्यायच्या का, यावर. ज्या वस्तूला संग्रहालयाच्या नोंदवहीत क्रमांक पडला आहे ती मुलांच्या हातात द्यायची नाही. हाताळणीचा संग्रह वेगळा करा आणि त्याची वही वेगळी ठेवा. मापं, लोटे, कंदील, पाटी-पेन्सिल, जातं, दौत या गोष्टी जुन्या बाजारात किंवा गावातल्या घरांतून अजून मिळतात. त्या खऱ्याच असतात, फक्त दुर्मीळ नसतात. मुलाच्या हाताला पितळेचा गारवा आणि वजन कळायला हवं. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीत नेमकं तेच हरवतं.

गावातून वस्तू घेताना लेखी पावती द्या : देणगी की उसनी, उसनी असेल तर कधीपर्यंत, आणि वस्तूचा फोटो. हे केलं नाही तर दोन वर्षांनी भांडण ठरलेलं. अडकित्ता ठेवायचाच असेल तर पाती तारेने बांधून ठेवा. कंदिलाची काच काढून टाका.

दौतबोरू
शेवंताताईंशी सहमत, एक भर घालतो. पांढरे सुती हातमोजे घालायला लावू नका. गुळगुळीत भांडं सुती मोज्यातून सटकतं. स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे. भांडं जमिनीवर बसूनच हाताळायचं, खाली सतरंजी, आणि धरायचं दोन्ही हातांनी, कानाला किंवा काठाला धरून उचलायचं नाही. उभ्या मुलाच्या हातून पडलेलं भांडं फुटतं. बसलेल्याच्या हातून ते फक्त मांडीत पडतं.

खापर
आमची आवडती गोष्ट कुणी लिहिली नाही अजून : फुटकं मडकं.

कुंभाराकडून लहान बोळकी आणा, चार मुलांना एक. जाड कापडात गुंडाळून हातोडीने एकच हलका टोला. सात-आठ तुकडे व्हायला हवेत. पंधरा झाले तर ते मडकं बाजूला ठेवा, वीस मिनिटांत जुळत नाही. तुकड्यांच्या कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित घासा, बोटं कापत नाहीत. फार घासल्या तर सांधे जुळत नाहीत. जोडायला कागदी चिकटपट्टी. डिंक नको, वाळेपर्यंत कुणी थांबत नाही.

आता खरी गंमत : प्रत्येक मडक्यातला एक तुकडा काढून घ्या आणि दुसऱ्याच मडक्याचा एक घाला. मुलं आधी तो बसवायला धडपडतात, मग वाकडेपणा आणि जाडी बघून "हा आपला नाहीच" म्हणतात. काठाचा तुकडा कुठला, बुडाचा कुठला, हे त्यांना आपोआप कळायला लागतं. त्यानंतर कपाटातल्या खापरांपुढे न्या. पाच मिनिटांपूर्वी ज्या कपाटासमोरून मुलं सरळ पुढे गेली होती, तिथे आता नाकं काचेला चिकटतात.

रानजाई
आणि उत्खननाचा खेळ? वाळूत वस्तू पुरून मुलांना शोधायला लावतात तो? मुलांना प्रचंड आवडतो.

खापर
आवडतो, पण बहुतेक ठिकाणी चुकीचा शिकवला जातो. वाळूत नाणी पुरली की मूल शिकतं ते एवढंच : उकरायचं आणि सापडलं की उचलायचं. तेर, पैठणसारख्या ठिकाणी शेतातही जुनी खापरं आणि मणी वर येतात. तिथल्या मुलांना उकरायची सवय लावणं धोक्याचं आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. मुलांना कायदा सांगू नका, "सापडलं तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, मोठ्यांना दाखवा" एवढं मात्र सांगाच.

करायचंच असेल तर असं. ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, फक्त १५ सेंटिमीटर खोल ट्रे. माती चाळलेली आणि पूर्ण कोरडी. ओली माती ब्रशला चिकटते आणि खेळ थांबतो. खाली पिवळी वाळू, मध्ये लाल माती, वर काळी, प्रत्येक थर चार-पाच सेंटिमीटर. दोन थरांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला, नाहीतर मुलं पाच मिनिटांत तळ गाठतात आणि सगळे थर एक होतात. वर सुतळीने चार चौकोन. आणि नियम एकच : वस्तू दिसली की आधी कागदावर तिची जागा काढायची, मगच उचलायची. शेवटी विचारायचं, "सगळ्यात आधी कुणाची वस्तू पडली असेल?" खालच्या थरातली आधीची, हे मुलं स्वतः सांगतात.

रानजाई
थर वेगळे दिसावेत म्हणून मध्ये पांढरा चुना भुरभुरला तर?

शेवंता
चुना मुळीच नको! डोळ्यात गेला तर इजा होते. कागदच बरा.

पाणवठा
अंगणात तीन वीरगळ आहेत आणि कुणी त्यांच्याबद्दल लिहीतच नाही! आठ वर्षांच्या मुलासाठी याहून चांगली वस्तू नाही, कारण ती चित्रकथाच आहे. फक्त वाचायची खालून वर. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा तिथे गाईगुरंही असतात. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. मुलांना क्रम सांगू नका. "गोष्ट कुठून सुरू होते?" एवढंच विचारा. पहिल्यांदा सगळे वरूनच सुरू करतात आणि गोष्ट लागत नाही.

अडचण प्रकाशाची. दुपारी समोरून ऊन आलं की झिजलेला दगड सपाट दिसतो. सकाळी आठ-साडेआठला तिरपं ऊन पडतं तेव्हा आकृत्या उठून दिसतात. शाळा दुपारची असेल तर काळ्या छत्रीने सावली करा आणि आरशाने बाजूने कवडसा टाका. आरसा मोठ्यांच्याच हातात, मुलांच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही. ढगाळ दिवशी विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून धरा. खडू, पावडर, तेल, शेंदूर काही लावू नका. झिजलेल्या दगडावर कागद ठेवून घासायचंही नाही.

तिठा
पाणवठा, कवडशाची युक्ती लाख मोलाची आहे. शिलालेख वाचणारेही हेच करतात.

गडवाट
मुलांना मावळ्यांचे फेटे आणि लाकडी तलवारी दिल्या तर त्यांना इतिहास जवळचा वाटतो. चौथीला शिवछत्रपतींचा अभ्यास आहेच. हे का टाळायचं?

शेवंता
गडवाट, टाळायचं नाही, पण फेटा संग्रहालयात नको. चाळीस फेटे बांधायला चाळीस मिनिटं जातात, तयार फेट्यांतून उवा एका मुलाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जातात आणि लाकडी तलवारी काचेच्या कपाटांमध्ये फिरतात. फेटे शाळेत १९ फेब्रुवारीला बांधा. संग्रहालयात आलेल्या मुलाने महाराजांचं नाणं बघावं.

दौतबोरू
त्या नाण्याबद्दल. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र / पति". ही अक्षरं तिसरीतलं मूल स्वतः वाचू शकतं! ते वाचतं तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण मूळ नाणं जेमतेम दोन सेंटिमीटरचं आणि काचेआड, त्यामुळे दिसत नाही.

गावातल्या सुताराकडून सहा-सात सेंटिमीटरचा मोठा लाकडी ठसा कोरून घ्या. एक सुलटा, एक उलटा. सुलट्यावर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा फिरवायचा, अक्षरं उमटतात. ठसा पाटावर दुहेरी चिकटपट्टीने पक्का करा, नाहीतर सरकतो आणि अक्षरं दुहेरी येतात. उलटा ठसा शाडूच्या गोळीवर दाबायचा. "ठशावर अक्षरं उलटी का कोरली?" याचं उत्तर मुलं गोळी उचलल्यावर देतात. शाडू पोळीच्या कणकेइतपतच ओली. सैल असली तर ठशातच अडकते, म्हणून ठशाला तेलाचं बोट लावा. खऱ्या नाण्यावर कागद ठेवून घासणं किंवा त्याचा साचा काढणं नको, तांब्यावरचा जुना थर निघतो.

मग कपाटातल्या शिवराया परत बघा. कुणाचं "श्री" कापलेलं, कुणाचं "शिव" अर्धंच. हाताने ठोकलेलं नाणं, ठसा बाजूला पडला की अक्षर बाहेर जातं. मुलांनी स्वतःची गोळी वाकडी दाबलेली असते, त्यामुळे हे समजवावं लागत नाही.

बोरूबहाद्दर
मोडीला २० मिनिटं पुरतात का? मला वाटतं चौथीसाठी पुरतात, तिसरीला नको. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला खालून लटकवायची, हे मुलांना नवं असतं. पाच-सहा अक्षरंच निवडा. बोरू आधीच तासून ठेवा, टोक दोन मिलिमीटर रुंद आणि तिरपं. दौतीत शाईबरोबर कापडाचा बोळा ठेवा. पूर्वी ठेवायचे तो त्यासाठीच : दौत कलंडली तरी शाई सांडत नाही आणि बोरू बेताची शाई उचलतो. ओल्या अक्षरांवर बारीक कोरडी वाळू, मग कागद झटकायचा. हे सगळं अंगणात.

आणि मोडीत वेलांटी एकच, उकारही एकच हे सांगायला विसरू नका. ऱ्हस्व-दीर्घ नाही म्हटल्यावर मुलं टाळ्या वाजवतात.

तिठा
मोठेही वाजवतील :)

रानजाई
प्रश्नावलीचं काय? शिक्षकांना दाखवायला काहीतरी कागद लागतो.

कोळवे
रिकाम्या जागा भरा छापलंत की मुलं वस्तूकडे बघत नाहीत, पाट्यांवरची उत्तरं उतरवतात, आणि पुढे पुढे एकमेकांची. एकच कागद, एकच प्रश्न : "ही वस्तू कुठे झिजली आहे? चित्र काढा आणि तिथे गोल करा." जात्याच्या खुंट्याचं भोक एका बाजूला पसरलेलं असतं, मापट्याचा काठ पट्टी फिरून फिरून पातळ झालेला असतो. झिजलेली जागा सापडली की हात कुठे लागायचा ते सापडतं. शिसपेन्सिलच द्या, पेन नको, शाईचा डाग वस्तूवरून निघत नाही. पाठीला पुठ्ठा द्या, नाहीतर मुलं कपाटाच्या काचेवर कागद टेकवून लिहितात.

गोदाकाठ
इनामगावचा उल्लेख वर केला म्हणून विचारतो. पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तिथल्या दफनाच्या वस्तू आहेत. चार पायांचा मातीचा रांजण, आत माणूस बसवून पुरलेला. सहलीला तिथे नेलं तर चौथीच्या मुलांना दाखवावं का?

शेवंता
माझं मत, चौथीला फक्त भांडी दाखवा. पाचवीच्या परिसर अभ्यासात आदिमानवापासूनचा प्रवास येतो, तेव्हा दफन दाखवा. मुलं घाबरत नाहीत, पण घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर एखादं मूल एकदम गप्प होतं. शिक्षकांना आदल्या दिवशीच फोन करून विचारावं.

पाणवठा
मला हे पटत नाही. मुलांचे प्रश्न सरळ असतात : कोण होता, का बसवला, सोबत काय ठेवलं. सरळ उत्तरं दिली तर चौथीचं मूलही शांतपणे ऐकतं. फोन करून विचारायचं मात्र मान्य.

खापर
राहिलेल्या गोष्टी पटकन : पाण्याच्या बाटल्या आणि डबे ओसरीवरच, आत खाल्लं की मुंग्या आणि कसर येते. दप्तरं बाहेर, पाठीवरचं दप्तर घेऊन वळलं की मांडणी पडते. स्वच्छतागृहाला आल्याआल्या नेऊन आणा. आणि पाट्या जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर लावा. सात-आठ वर्षांचं मूल सव्वा मीटरच्या आसपास असतं, मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरची पाटी त्याला वाचता येत नाही.

रानजाई
ज्या शाळा येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी हाताळणीच्या वस्तूंची पेटी करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांकडे जाते. आपल्याला बस नको, एक ट्रंक पुरे. आत फोममध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खड्डा कापा, म्हणजे काय परत आलं नाही ते झाकण उघडताच दिसतं. झाकणाला आतून फोटोसह यादी. वजन १० किलोच्या आत, एका शिक्षकाला दुचाकीवर नेता यायला हवी.

माळवद
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आता ठरलं ते असं :

सकाळची शाळा, आठला सुरुवात. दोरी ओसरीवरून फाटकापर्यंत, तिसरीला गाठी, चौथीला सेंटिमीटरही. मग तीन ठिकाणं : अंगणात वीरगळ (सकाळच्या तिरप्या उन्हाचा फायदा), ओसरीवर मापं, आतल्या खोलीत शिवराईचे ठसे. मोडी आणि मडकं दुसऱ्या भेटीसाठी. शेवटी "कुठे झिजलंय?" चा कागद. तलवारी जागेवरच राहतील, त्यांच्यापुढे वेगळं थांबणार नाही.

एकच शंका. ज्वारीऐवजी वाळू घेतली तर चालेल का? ज्वारीला कीड लागते.

कोळवे
वाळू नको. पितळेला ओरखडे पडतात, आणि मुलांच्या पायांनी आत गेली की फरशीला आणि कपाटांच्या काचांनाही.

ज्वारीच घ्या, पायली भरून वर दोन शेर. कडक उन्हात दोन दिवस वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा आतल्या खोलीत न ठेवता ओसरीच्या कपाटात. दर महिन्याला चाळा, टोके (धान्यातले किडे) दिसले तर ती ज्वारी पाखरांना घालून नवी आणा. मोजताना खाली जुनं नऊवारी पातळ चौघडी करून अंथरा, चारही बाजू थोड्या वर वळवा. सांडलेलं सगळं त्यातच राहतं आणि चार मुलांनी चार कोपरे धरले की एका उचलीत परत डब्यात जातं. ते काम मुलांनाच द्या, त्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागते.